रिकाम्या खुर्चीत बसलेले साहेब

बाईंची उभी हयात नाटक कंपनीत मोलकरणीची कामं करण्यात गेली. "चहा आणू का, बाईसाहेब?" या एका वाक्यावर तारुण्य सरलं. पण ते वाक्य त्या अशा तोऱ्यात म्हणत, की बाईसाहेबच उठून चहा टाकतील असं वाटे. केस पिकल्यावर त्या शाळेत आल्या. घुसमटलेली, चिडकी, अबोल झालेली मुलं त्यांच्या खोलीत पाठवली जात. तिथं ना पडदा, ना पाठांतर. मधोमध एक रिकामी खुर्ची. ज्याच्यावर राग आहे तो माणूस तिच्यात बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. बोलणाऱ्याला मधेच कुणी अडवायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही.

मुख्याध्यापकांचा त्या खोलीवर डोळा होता. त्यांना तिथं पाहुण्यांसाठी सोफा मांडायचा होता.

"बाई, नाटक म्हणता आणि टाळ्यांचा पत्ता नाही! आज मोठे साहेब येताहेत. काही दिसलं तर ठीक, नाहीतर खोली सोडा."

दाखवायचं काय? बाप घर सोडून गेल्यापासून चिमणीनं शाळेत चकार शब्द काढला नव्हता. नुसती खुर्चीकडे टक लावून बसायची. बाईंचा सगळा जीव तिच्यात अडकलेला.

साहेब आले. आधी पोट आलं, मागून ते. मोठ्या माणसाला रिकामी खुर्ची दिसली की ती आपलीच वाटते. ते थेट तिच्यात जाऊन बसले.

त्यांना उठवायला बाई पुढे सरसावल्या, तोच चिमणी उठली.

"आलास होय, बाबा? आई अजून तुझंही ताट वाढते."

साहेब चपापले. मुख्याध्यापक धावले, "अगं ए, साहेब आहेत ते!"

"मधे बोलायचं नाही!" चिमणी कडाडली. "बाई, सांगा ना यांना!"

बाईंनी पदर सावरला. मोलकरणीचा तोच जुना आवाज लावला. "बसा सर. चहा नंतर आणते."

दुसरी खुर्ची नव्हती. मुख्याध्यापक जमिनीवर बसले.

"आत्ता येतो म्हणालास. मी चपला घालून दारात बसले होते. झोप लागली तरी काढल्या नाहीत." चिमणी हुंदके देत होती, पण थांबत नव्हती. साहेबांची मान खाली गेली. शेवटी तिनं नाक पुसलं. "आता ऊठ. बाकीच्यांची पाळी आहे."

साहेब निमूट उठले. दारात म्हणाले, "या खोलीला हात लावू नका."

आता मुख्याध्यापक पाहुण्यांना ती खोली कौतुकानं दाखवतात. कल्पना आपलीच, असंही सांगतात. फक्त त्या खुर्चीत बसत नाहीत. पोरं टपूनच असतात.