नेमस्पेसवाल्या अक्का

कुणीही फाइल दाखवली की अक्का आधी चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हा शब्द कुठल्या घरचा?"

तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्यांच्या टेबलाजवळून आपण जरा जपूनच जातो. म्हैसूरच्या आमच्या छोट्या कंपनीत त्या होत्या. लष्कर मोहल्ल्यातलं जुनं मराठी घर, निम्मं बोलणं कन्नड. मी सोलापूरहून नवा आलो, तेव्हा एक्सएमएल स्कीमा, म्हणजे फाइलीत कुठली माहिती कशी लिहायची ते ठरवणारा आणि तपासणारा नियमांचा साचा, मला त्यांनीच शिकवला.

"नोडु, बघ, दोन घरांत दोन मंजुळा असतात. हाक मारताना घराचं नाव लावायचं. तेच नेमस्पेस. फाइलीच्या सुरुवातीलाच सांगून टाकायचं, मग भांडण नाही."

आम्ही एका रुग्णालयाचं काम करत होतो. औषधविभाग आणि वॉर्ड, दोघांच्या फाइलींत 'डोस' होता. एकाचा मिलिग्रॅममध्ये, दुसऱ्याचा मिलिलिटरमध्ये. नेमस्पेस वेगळे, म्हणून ते वेगळे राहत. काम सोपवायच्या दिवशी स्कीमा एकामागून एक चुका दाखवू लागला. मी औषधविभागाचा नेमस्पेस काढून तिथं वॉर्डाचाच लावला. चुका गेल्या. अक्कांना म्हणालो, जराशी साफसफाई केलीय. त्यांना आईला डॉक्टरकडे न्यायची घाई होती. फाइल न उघडताच त्यांनी मंजुरीची सही केली.

आठवड्याभरात एका रुग्ण बाईंचे पाच मिलिग्रॅम वॉर्डाच्या पडद्यावर पाच मिलिलिटर म्हणून उमटले. औषध जास्त गेलं. चार दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या.

चौकशीत विचारलं गेलं, हा बदल कुणाचा. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली.

दीड महिन्यानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी दिली, आईशी ओळख करून दिली, सोलापूरला सगळे बरे आहेत ना, विचारलं. मी म्हणालो, उद्या साहेबांना सगळं सांगतो.

"मी तुला वाचवलं नाही रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "न बघता सही केली, ते माझं. तुझं तू सांगायचं होतंस. मी वाट बघत होते त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि प्रकरण मिटलंय, आता उकरू नको म्हणाले. ते कळवायला अक्कांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. चौकशीच्या अहवालात आजही एकट्या त्यांचंच नाव आहे.