आमच्या घरची चतुर्दशी

माझ्या माहेरी, बदलापूरला, पितृपक्षातल्या चतुर्दशीला दोन म्हाळ असतात. एक आजोबांचा, एक काकांचा. विचारलं की आई सांगायची, दोघंही हार्टने गेले. पण चतुर्दशी ही अपमृत्यूने गेलेल्यांची तिथी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. दोघांनी आपला जीव आपणच दिला होता. आमचं घर तोंडाने खोटं बोललं, तिथी मात्र कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षी माझंही मन बिघडलं. आधी नुसतं उधाण, झोप नको की जेवण नको; मग एकदम गाळात. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास? कुणी आत्महत्या?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे हो, आमच्यात तसलं काही नाही." मनात आलं, आता तिसरा म्हाळ माझा.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले ती भांडायलाच. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात बसले आणि पिंडीला म्हटलं, "विष पचवणारा ना तू? मग आमच्या रक्तातलं तुला दिसलं नाही? पण आजोबा-काका जीव देऊन गेले, त्या वाटेने मी नाही जाणार. काय करायचं ते कर!" हे मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारी बसलेल्या एका सिंधी मावशींनी माझा हात घट्ट धरला.

"मेरा भाई भी ऐसे ही गया, बेटा. मेरेको भी वही बीमारी है. डॉक्टर को सब बताया, गोली खाती हूँ, हर सोमवार उल्हासनगर कॅम्प पाँच से इधर आती हूँ. तूने बताया क्या?"

मी देवाला जाब विचारायला गेले होते आणि उत्तर मलाच द्यावं लागत होतं. बाहेर येऊन आईला फोन केला. "मी डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. तू ये, नाहीतर नको येऊस." ती आली. दोघांची नावं तिनेच घेतली आणि पदर तोंडाला लावून रडली. डॉक्टर म्हणाले, "धोका घराण्यातून येतो, हे खरं. पण हा आजार असलेले बहुतेक जण जगतात, ताई. आता उपचार त्या हिशेबाने करू."

मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण, कशा आल्या, याचा खल मी करत नाही. गोळी रोज घेते. वाईट दिवस आला की घरात सांगते, लपवत नाही. यंदा चतुर्दशीला माहेरी पानं मीच वाढली आणि ते दोघं कसे गेले, ते माझ्या मुलीला खरं सांगितलं.

शंभो, मी तुला शरण आले आहे. त्या तिथीला नाही.