गोटा ठेवलेली जागा

घाटंजीत बसून मी अद्भुत जगाची कादंबरी लिहिते म्हटलं, की लोक आधी हसतात, मग विचारतात, "काहून?" माझ्या कादंबरीतलं शहर आठवड्यातून एकच दिवस असतं. सकाळी उजाड जागेवर उभं राहतं, दिवेलागणीला नाहीसं होतं आणि बाकी सहा दिवस तिथं शेळ्या चरतात. हे सुचलं कुठून? दुसरीकडून कुठून सुचणार! आईच्या वाळल्या मिरच्यांच्या ढिगामागे, आठवडी बाजारातच मी मोठी झाले.

पुण्याच्या एका संपादकबाईंना शहर आवडलं. पण त्याला किल्ला हवा, राजा हवा, उत्तरेला बर्फाचे डोंगर हवेत, वाचकाला भव्य काही लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते जमत नसेल तर तुमच्या भागातलं दुःख लिहा, तेही चालतं. चार वर्षं घालवली होती मी, पहिलंच पुस्तक होतं. छापून यावं म्हणून वाकले. बर्फाची तीन प्रकरणं लिहिली. बर्फ मी पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, भुशातून काढलेला. माझा राजा त्या बर्फावर बसला आणि गारठून तिथंच राहिला, पुढं काही बोलेना.

त्यातच एस.टी.च्या पायरीवरून आईचा पाय घसरला. गुडघा गेला. तीन बाजार तिचे बुडाले. चौथ्या बाजाराला मी भाजी आणायला गेले. पाय ठेवायला जागा नव्हती अशी गर्दी, पण कडुनिंबाखाली, कांदेवाले काका आणि बांगड्यावाली मावशी यांच्या मधोमध, आईची तेवढी जागा रिकामी. मधे एक गोटा ठेवलेला.

माझ्यासमोरच बादल्या-टप विकणारा एक नवा माणूस तिथं ताडपत्री पसरू लागला.

"तिथं नोको बसू," काका म्हणाले. "ते मिरचीवाल्या बाईची जागा हाये."

"बाई तं दिसत नाही."

"नाही आली. म्हनून का जागा गेली?"

तो कुरकुरला, पण ताडपत्री उचलून गेला. ना कागद, ना कोणाचा हुकूम. भिंत नसलेलं माझं शहर टिकतं कशावर, हे मी सहा महिने शोधत होते आणि ते इथं माझ्या लहानपणापासून पडलेलं होतं. मला माझीच लाज वाटली. घरी येऊन ती तिन्ही प्रकरणं फाडली. शहराला कायदा एकच ठेवला: जो आला नाही, त्याची जागा कोणी घेत नाही.

नवं प्रकरण पाठवलं, तसा संपादकबाईंचा फोन आला. "असं रिकामं कोण सोडतं? पटत नाही. आणि राजा कुठे गेला?"

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मला कायमचा राग आहे. म्हटलं, "मॅडम, बाजाराच्या दिवशी घाटंजीला या. दाखवते."

"मग आम्हाला हे पुस्तक काढता येणार नाही."

"नका काढू."

फोन ठेवला आणि रडले, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसून आईला ते प्रकरण वाचून दाखवलं.

"राजा नाही का यात?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग जागा कोन राखते?"

"सारेच."

"मंग बरोबर हाये," ती म्हणाली आणि पाय शेकायला लागली.

पुढच्या महिन्यात ती बाजारात गेली. काकांनी गोटा बाजूला केला, ती बसली, मिरच्या ओतल्या. तो गोटा मी मागून घेतला.

"गोट्याचं काय करतं वं बाई?" काका म्हणाले.

घरी फळीवर पुस्तकांच्या मधे वीतभर जागा केली आणि तिथं तो ठेवला. कादंबरी आता दुसरीकडे पाठवली आहे, जशीच्या तशी. परवा शेजारची बाई तिचा स्टीलचा डबा तिथं ठेवायला गेली, तर आई खाटेवरून म्हणाली, "तिथं नोको ठेवू. पोरीच्या पुस्तकाची जागा हाये ते."

"पुस्तक तं नाही आलं न अजून."

"नाही आलं," आई म्हणाली. "म्हनून का जागा गेली?"