चोवीस बाय चौदाची भिंत

महेबूब पेंटरला कुठलंही चित्र काढायला सांगा, ते चोवीस फूट रुंद आणि चौदा फूट उंचच निघणार. भिंत त्याहून मोठी असली तर उरलेली तो कोरी सोडतो. ही खोड आमच्या नाटक कंपनीची. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं आमचा दर्शनी पडदा रंगवला होता. मोरांची बाग, मधोमध कारंजं. त्या मोरांपुढं उभी राहून मी किती वेळा नांदी म्हटली! पुढं कंपनी बुडाली. मी मुदखेडला भावाकडं आले, पडदा गुंडाळून त्याच्याच माळ्यावर गेला आणि महेबूब गावच्या भिंतींवर. माप मात्र डोक्यात बसलं ते बसलंच.

आमच्याकडं स्टेशनवरून गावात येताना कापसाच्या जुन्या गोदामाची लांबलचक भिंत लागते. अलीकडं हिंदूंची घरं, पलीकडं मुसलमानांची. सण असो, निवडणूक असो, दूरच्या कुठल्या गावात दगडफेक होवो, ती भिंत बोलायला लागायची. आज यांची घोषणा, उद्या तिच्यावर चुना आणि त्यांची घोषणा. आणि दोन्हींची अक्षरं महेबूबचीच! इतकं वळणदार दुसरं लिहिणार कोण?

"बाई," तो मला म्हणायचा, "सकाळी लिहितो, संध्याकाळी माझंच मी पुसून राहिलो."

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. बायको अमीरबीनं एक दिवस सुनावलं, "सारा जनम पुढाऱ्यांच्या मिशा रंगवल्या. माझं तोंड काढलं का कधी?"

ते त्याला लागलं. गोदामाचे मालक मन्मथअप्पा यांच्याकडं जाऊन त्यानं भिंत मागितली आणि दोन्ही बाजूंना सांगून टाकलं, "आता कुणाचंच लिहिणार न्हाई."

डाव्या हातानं उजवं मनगट धरून दोन महिने तो गल्ली रंगवत होता. चहावाली कस्तुराबाई कपबशी पुढं करतेय, रिक्षावाला आरशात भांग पाडतोय, आणि मधोमध शिलाई मशीनवर अमीरबी, दातांत दोरा धरून हसणारी. त्या एका हसण्याला अकरा दिवस लागले. मग दोन्हीकडची माणसं चित्रात स्वतःला शोधायला येऊ लागली.

"माझं नाक एवढं हाय का रे?"

"कमीच काढलंय, मावशी!"

बाजूची भिंत कोरीच होती, पण तिच्यावर घोषणा लिहायला कुणी धजलं नाही.

आणि नगरपालिकेची निवडणूक आली. अलीकडून वैजनाथ अपक्ष उभा राहिला. त्याला चिन्ह मिळालं कपबशी. पलीकडून रिजवान, तोही अपक्ष. त्याला शिलाई मशीन. घ्या आता! पोरं टेप घेऊन भिंतीशी हजर.

"यांची मशीन आमच्या कपबशीच्या दसपट!"

"पन तुमची कपबशी रंगानं लई उठून दिसते, त्याचं काय?"

दोघांनीही तक्रार केली. तिसऱ्या दिवशी सकाळी निवडणूक पथकाचे धम्मानंद साहेब चुन्याच्या बादल्या घेऊन आले. माणूस सभ्य होता, पण नियम तर नियम. मतदानापर्यंत भिंतीवर चिन्ह दिसता कामा नये.

अमीरबी पुढं झाली. "मला चुना फासता? हे खरं तोंड हाय इथं, ह्याला फासा आधी!"

 महेबूबनं हात पुढं केला. तो थरथरणारा हात सगळ्यांनी पाहिला.

"साहेब, एकदा पुसलं तर ह्या हातानं परत व्हायचं न्हाई."

वैजनाथनं मान खाली घातली. रिजवान चपलेनं माती उकरत राहिला. आणि मला, इतक्या वर्षांनी, एंट्री सापडली.

"साहेब, दिसू नये एवढंच ना? मग झाकलं तर?"

"चालेल की. पण एवढं मोठं कापड आणणार कुठून?"

माळ्यावरून पडदा उतरवायला चार पोरं वैजनाथची आली, चार रिजवानची. गोदामाच्या छपराला कप्प्या ठोकल्या, दोर ओवले. पडदा खाली सोडला तर काय, चारी कोपरे चित्राच्या चारी कोपऱ्यांवर! एक बोटभर इकडं नाही की तिकडं नाही.

"मोर कुणाचं चिन्ह न्हाई ना?" कस्तुराबाईनं विचारलं. साहेबांनी यादी दोनदा वाचली. नव्हतं.

निकाल लागला. कपबशी पडली, मशीनही पडली. निवडून आली तिसरीच, शिट्टी चिन्हावाली विशाखा! त्याच संध्याकाळी सारा गाव भिंतीसमोर जमला. पडदा उघडायचा म्हणजे तिसरी घंटा हवी, आणि घंटा तर नव्हती. विशाखानं गळ्यातली शिट्टी फुंकली. एक दोर वैजनाथच्या हातात, दुसरा रिजवानच्या. मोर डुलत डुलत वर गेले आणि अमीरबी हसत समोर आली, जशीच्या तशी.

मागून एक म्हातारा ओरडला, "वन्स मोर!"

मग काय विचारता! पडलेल्या दोन्ही उमेदवारांनी पडदा खाली सोडला, वर ओढला, पुन्हा सोडला. चौथ्या वेळी खरी अमीरबीच किंचाळली,

"बास करा रे! दातातला दोरा तुटंल माझा!"