एका ओळीचा सूड

आमच्या भरतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे मास्तरीण म्हणायचे. एकवीस वर्षं तिने ते काम केलं आणि मालकांच्या जावयाने तिला एका दुपारी घरी पाठवलं. वर सगळ्यांसमोर म्हणाला, की भंगार सांभाळणारीही आता भंगारातच जायला हवी. मी शेजारच्या मशीनवर दोरे भरत होते. ती डबा उचलून निघून गेली. मला तेव्हाच कळलं, ही बाई हे गिळणार नाही.

भंगार म्हणजे मोठ्या मशीनला जोडलेला जुनाट कॉम्प्युटर. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. मशीन चालवणारं कार्ड दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये बसत नाही, त्यामुळे त्याला काढताही येत नाही. नक्षीच्या फाइली सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसातल्या लिनक्सवाल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असायच्या आणि म्हातारा तिथून उचलायचा. जावयाने नवा सर्व्हर आणला. मास्तरणीने लिहिलेली सेटिंगची फाइल त्याला गचाळ वाटली, म्हणून न वाचताच उडवली. दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याला फोल्डर उघडेना. केबल बदलली, पासवर्ड पाचदा नवा केला, दोन इंजिनिअर येऊन चहा पिऊन गेले. मशीन आठ दिवस ठप्प. शेवटी मालक स्वतः तिच्या घरी गेले.

ती आली ती कडक इस्त्रीच्या कपड्यांत. म्हाताऱ्याची हाक सर्व्हरपर्यंत पोचतेय ना ते आधी पाहिलं, मग सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंदवही, म्हणजे लॉग वाचला. मालकांना तिने सांगितलं, की म्हाताऱ्याला जुनीच भाषा येते आणि नवा सर्व्हर ती ऐकूनच घेत नाही. जुनी भाषा कच्ची, चोरांना सोपी, त्यामुळे सर्व्हरचंही चुकत नाही. म्हणून तर तिने एका ओळीने ती भाषा चालू केली होती आणि दुसरीने ते फोल्डर फक्त म्हाताऱ्यापुरतं उघडं ठेवलं होतं.

एवढं बोलून ती खुर्चीवरून उठली आणि जावयाला तिथे बसवलं. आम्ही चौदाजणी त्याच्या पाठीमागे उभ्या. ती एकेक अक्षर सांगत होती, तो चुकत होता, ती शांतपणे खोडायला लावत होती. खरं सांगते, इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

दोन्ही ओळी झाल्यावर ती म्हणाली, "आता तिसरी. आधी ती जाळीसारखी हॅशची खूण टाका, म्हणजे सर्व्हर ती ओळ वाचत नाही. ती माणसांसाठी असते. लिहा, वरच्या ओळी मी न वाचता पुसल्या होत्या."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे फरशीकडे पाहत होते. जावयाचे कान लाल झाले, पण त्याने लिहिलं. सर्व्हर पुन्हा चालू केला आणि म्हाताऱ्याच्या स्क्रीनवर फाइलींची यादी भराभर उतरली.

मालकांनी हात जोडले, उद्यापासून कामावर या म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं, तिचं मन भरलं असेल.

"येते," मास्तरीण म्हणाली. "पण त्या ओळीखाली नाव राहिलंय. नाव, आडनाव, सगळं."

जावई पुन्हा खुर्चीत बसला.