धाडकनकाकांचं हळू दार

त्यांचं खरं नाव शेजारपाजारच्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. जिन्याखालचं फाटक म्हणू नका, घराचं दार म्हणू नका, कपाट म्हणू नका, जे जे लावता येतं ते ते हा माणूस धाडकन लावायचा. म्हणून धाडकनकाका. वरच्या मजल्यावरची भांडी थरथरली की लोक म्हणायचे, आले वाटतं काका घरी!

"अहो, हळू लावा ना जरा," काकू रोज म्हणायच्या. लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. दाराने ऐकलं असतं एखादे वेळी, काकांनी नाही.

सवय कारखान्यातली. शहराबाहेर मोटारींचा कारखाना होता आणि काकांची हयात तिथे दारं बसवण्यात गेली. चार दारं, मागे डिकी, नवराबायको, पोरं आणि म्हातारी माणसं मावतील अशी साधीसुधी घरगुती गाडी. दार बिजागरीवर टांगायचं, चहूबाजूंची फट सारखी आहे का ते बोट फिरवून बघायचं, आणि शेवटी जोर काढून आपटायचं. कोऱ्या गाडीच्या दाराभोवतीचं रबर ताठ असतं. हळू लावलं तर दार रबराला टेकून उलटं येतं, खटका पडतच नाही. तेव्हा धाडकन आपटणे हा तिथला नियमच होता. बरं, गाडी पुढे सरकली की दुसरी समोर हजर. पहिलीचं पुढे काय झालं हे विचारायला सवड कुणाला?

काका निवृत्त झाले आणि वर्षभरात लेकीने गाडी घ्यायचं ठरवलं. घरातली पहिली गाडी! लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. जावई सज्जन माणूस, सगळ्याला हो म्हणणारा. लेक येऊन म्हणाली, "बाबा, एक परदेशी गाडी आवडलीय आम्हाला, आणि एक तुमच्या कारखान्यातली. लोक म्हणतात परदेशी ती परदेशीच. पण मी लोकांचं ऐकणार नाही. तुम्ही बघा आणि सांगा. तुम्ही म्हणाल ती."

काका फुगले. मग जरा घाबरले. कारण खरं सांगायचं तर ते परदेशी गाडीत जन्मात कधी बसले नव्हते. कारखान्यात तसा दंडकच होता. परक्या गाडीतून उतरताना कुणी दिसला, की त्याने अख्ख्या पाळीला चहा पाजायचा, शिवाय महिनाभर टोमणे खायचे. त्यामुळे आपली गाडी त्यांच्यापेक्षा सरस, असं सगळे छातीठोकपणे सांगायचे आणि तपासून कुणीच बघायचं नाही.

"आता बघतोच," काका म्हणाले. "दूध का दूध होऊन जाऊ दे."

परदेशी गाड्यांच्या दुकानात पाऊल टाकलं तेव्हा काकांना पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. फरशी इतकी लखलखीत की चप्पल बाहेर काढावी का, असा प्रश्न पडला. टायवाला विक्रेता हसत पुढे आला. काकांनी दोन बोटांनी, काच तडकेल की काय अशा बेताने, गाडीचं दार लावलं.

धप्प.

एवढंच. उशीवर उशी पडावी तसा आवाज. काका जागच्या जागी थिजले. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. धप्प. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असा आवाज एकदाही निघाला नव्हता.

"काय करता हो तुम्ही लोक याला?" त्यांनी विचारलं.

"परदेशी आहे ना, सर," विक्रेता म्हणाला. काकांनी बिजागरी विचारली, पत्र्याची जाडी विचारली, खटका कशाचा ते विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, परदेशी आहे ना, सर. काका गुडघ्यावर बसले, रबर चिमटीत धरून बघितलं, दाराला कान लावला. रबर मऊसूत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला पहारेकरी त्यांच्या मागे मागे फिरायला लागला, हा म्हातारा दार काढून नेतो की काय म्हणून.

घरी आले की कपाटं उघडून बघायचे, डबे उघडून बघायचे. डब्याचं झाकण घट्ट असूनही आवाज का करत नाही? काकू म्हणाल्या, "माझं स्वयंपाकघर सोडा. जायचं तर त्या कारखान्यात जाऊन विचारा."

पण विचारणार कुणाला? काकांना उत्तर कळल्यासारखंच झालं होतं आणि ते गिळवत नव्हतं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. आपण एवढी वर्षं घाम गाळून जे केलं ते दुय्यमच होतं, एवढंच ना? पण लेकीने विश्वासाने विचारलं होतं. तिच्याशी खोटं बोलायचं? छे! ते जमणार नव्हतं. रविवारी त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "परदेशी घे. त्यांचं काम चोख आहे. आमचं... आमचं आपलं ठीक होतं."

लेकीने बापाच्या तोंडाकडे बघितलं.

परदेशी गाडीची नोंदणी करायला सगळे टॅक्सीने निघाले. जावई कामावर होता. लेकीच्या खांद्यावर छोटी नात गाढ झोपलेली, काकू मागे मधोमध बसल्या, आणि काका पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. टॅक्सी काकांच्याच कारखान्यातली, रंग उडालेली, बरंच जग बघितलेली. काकांनी बसल्या बसल्या दार ओढलं. धाडकन!

"अहो काका!" ड्रायव्हर कळवळला. "दार आहे ते, दुश्मन नव्हे!"

"अरे, असली दारं बसवलीत मी. आपटल्याशिवाय लागत नाहीत ती."

"कुणी सांगितलं?"

एवढ्यात मागे लेक बसली. पोर उठू नये म्हणून तिने श्वास रोखला आणि तळहाताने दार अलगद ढकललं.

धप्प.

काका गर्रकन वळले. "कसला आवाज तो?"

"दार लावलं मी, बाबा."

"पुन्हा लाव."

"बाबा, पोर उठेल हो!"

"हळूच लाव. तस्संच."

धप्प. काका खाली उतरले. मागचं दार लावलं, तळहाताने. आपलं पुढचं लावलं. डाव्या बाजूची झाली, उजव्या बाजूची झाली. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गलका केला, कुणीतरी शिवीही हासडली. काकांना ऐकूच येत नव्हतं.

"रबर बसलंय ना आता, काका," ड्रायव्हर म्हणाला. "कोरी होती तेव्हा माझाही हात दुखायचा. थोडे महिने जाऊ द्यावे लागतात, मग बोटाने लागतं बघा. आपटाल तर मात्र कुठलीही गाडी बोंबलणारच."

काका टॅक्सीच्या छपरावर हात ठेवून उभे राहिले. ताठ रबर तेवढं त्यांना ठाऊक होतं. ते पुढे मऊ होतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सुईणीने लेकरू जन्मताना रडलेलं ऐकावं आणि पुढे ते गोड बोलायला लागलं हे तिच्या कानावरच येऊ नये, तशातली गत. आणि दुकानातली ती गाडी? येणारा जाणारा तिचं दार उघडून बघणार, रबर मऊ होणार नाही तर काय! त्यात परक्याच्या दाराला आपण दोन बोटं लावली आणि आपल्या दाराला मात्र...

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आतून काकू म्हणाल्या. "मी जन्मभर हेच सांगतेय, हळू लावा, हळू लावा. माझं कुठे ऐकलंत? कान सोनारानेच टोचावे लागतात."

ड्रायव्हर खो खो हसला.

"मग परत फिरायचं का?" लेकीने विचारलं.

"नाही, चल," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात भलताच हुरूप होता. "आता दोन्ही दारं एकाच हाताने लावून बघू."

टॅक्सी दुकानाच्या दारात उभी केली. काका आत जाऊन दार लावायचे, बाहेर येऊन दार लावायचे. विक्रेता बघतच राहिला. शेवटी काकांनी निवाडा दिला, आणि खरं बोलले. "एकोणीस-वीसचा फरक आहे. त्यांचा आवाज थोडा जास्त खोल आहे. गाद्यांची शिलाईही त्यांचीच चांगली, ते मान्य. पण मागे बसून बघ, गुडघे पुढच्या सीटला लागतात. आपल्या गाडीत पाय मोकळे राहतात. आधी मी अर्धवट ऐकून सांगितलं होतं. आता पुरतं ऐकलंय. ठरव तू."

लेक पोरीला घेऊन दोन्हींत मागे बसली. थोड्या वेळाने टॅक्सीतूनच म्हणाली, "आपली घेऊ, बाबा."

आपली! काकांनी उगाच नाक पुसलं.

गाडी आली त्या दिवशी सगळे खाली जमले. लेकीने दार हळूच लावलं, ते उलटं आलं. पुन्हा लावलं, पुन्हा उलटं. ती हिरमुसली. काकूंनी पदर खोचला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघता काय नुसते? लावा की तुमच्या पद्धतीने!"

धाडकन! वरच्या मजल्यावरची भांडी वाजली आणि सगळी गल्ली हसली.

त्यानंतर काका वेळ मिळेल तसे लेकीकडे जायचे आणि गाडीची चारी दारं उघडून लावत बसायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं. काका म्हणायचे, मिळालं तर मिळालं. घरात मात्र एक नवल घडलं. कपाट हळू लागायला लागलं. पहिल्यांदा काकूंना वाटलं, यांना बरं नाही की काय.

लेक गाडी घेऊन यायची तेव्हा काका आतल्या खोलीतूनच कान लावून बसायचे. आधी इंजीन बंद झाल्याचा आवाज, मग दाराचा दणका, मग जिन्यावर पावलं. कितीतरी दिवस हाच क्रम.

एका संध्याकाळी इंजीन बंद झालं. काका थांबले. काहीच नाही. अजून थांबले. मग काळजीने उठून दाराकडे गेले, तर लेक झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन समोर उभी.

"अगं, गाडीचं दार लावायचं विसरलीस!"

"नाही हो, बाबा," ती पुटपुटली. "कधीच लावलं."