इतर दोन

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे 'कोठीवाले' म्हणतात. हरवलेल्या माणसांचं ऑफिस ते. घरून निघून गेलेल्यांची माहिती नातेवाईक देतात, सापडलेल्यांची निवाऱ्यांतून आणि दवाखान्यांतून येते, आणि दोन्ही टेबलं, म्हणजे कॉम्प्युटरातल्या याद्या, जुळवून बघायच्या. ही टेबलं ज्या डेटाबेसात राहतात त्याची राखण ह्यांच्याकडे. घरात मिठाचा डबा सापडायचा नाही, पण तिथं कुठल्या टेबलात काय आहे ते झोपेतही सांगतील.

या नोकरीत ते मुद्दाम शिरले. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भावजी, एका सकाळी बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. सासूबाई होत्या तोवर रोज विचारायच्या, "आज काही कळलं का?"

ऑफिसच्या फॉर्ममध्ये उंची, रंग आणि कपडे, एवढंच विचारलेलं. त्यावरून सासूबाई भडकल्या होत्या. "कपडे काय लिहिता? कपडे माणूस बदलतो! तो कडी लावून थोडा पुढं जातो आणि परत येऊन ओढून बघतो, ते लिही." ह्यांना पटलं. पण नवा कॉलम हवा तर अर्ज करा, प्रोग्रामवाल्यांच्या रांगेत उभे राहा, वर्ष घालवा. म्हणून ह्यांनी चालू टेबलात स्वतःच एक कॉलम घुसवला. नाव दिलं 'इतर२'. तात्पुरतं, चांगलं नाव नंतर ठेवू म्हणाले. नंतर कसलं ठेवताय! आमच्या मुलीला आम्ही अजून 'छोटी' म्हणतो आणि ती नोकरी करते.

त्या कॉलमात ह्यांनी नातेवाइकांचे शब्द जसेच्या तसे भरले. वाचताना ओठ हलवते. शिंक आली की आधी चष्मा काढतो. दुसऱ्याच्या ताटातलं मीठ चाखून बघते. असल्या ओळींवरून कितीतरी माणसं घरी पोचली. साहेबांना याचा पत्ताच नव्हता, त्यांच्या रिपोर्टात तो कॉलम यायचा नाही.

मग नवं टूल आलं. प्रोग्रामवाले त्यात टेबलांचा आराखडा काढतात आणि टूल डेटाबेसला हुबेहूब तसा करून टाकतं. आराखड्यात असेल ते बनवायचं, नसेल ते काढून टाकायचं. ते टूल डेटाबेसला जोडायचं काम ह्यांच्याकडेच आलं. काय काय काढायचं ते टूलनं आधी दाखवलं होतं, उगाच कशाला खोटं बोला. पण ती सगळी वर्षानुवर्षांची अडगळ. चाचणी, चाचणीनवी, जुने, इतर१, इतर२. साहेब पाठीशी उभे राहून "उरका, उरका" करत होते. ह्यांनी यादी नीट न वाचताच होकार दाबला.

काही दिवसांनी एका निवाऱ्यातल्या बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक म्हातारबाबा होते. नाव-गाव काही बोलत नाहीत, पण चपला काढल्या की त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवतात, कुणी फिरवल्या तर रडतात. आठवड्याअखेर त्यांना लांबच्या निवासात हलवणार होते, आणि तिथून कुणाला शोधून काढणं म्हणजे आशाच सोडायची. ह्यांनी शोधायला 'इतर२' मागितला. टूलनं सांगितलं, असा कॉलम नाही.

मला फोन केला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. "अगं, वाक्य आठवतंय मला. चपलांची तोंडं भिंतीकडे. मीच टाइप केलंय. कुणाचं ते आठवत नाही."

"अहो, बॅकअप असेल की," मी म्हटलं. इतकं मलाही कळायला लागलंय. तर तोही नव्या टूलला जोडलेला, आराखड्यातलं तेवढंच साठवणारा. जुने बॅकअप जागा हवी म्हणून पुसलेले. मी डोक्याला हात लावला.

साहेब म्हणाले, "कोठीवाले, टूल तर सगळं जुळतंय म्हणतंय. हरवलंय काय?" असा राग आला मला! ह्यांनी मात्र वाद घातला नाही. आराखड्यात रीतसर कॉलम घालून घेतला, या वेळी नाव ठेवलं 'सवय', आणि नोंदणीच्या क्रमानं एकेका घराला फोन लावायला बसले.

फोन उचलला की प्रत्येक घर आधी एकच विचारायचं, "सापडला का?" मग ह्यांनी नाही म्हणायचं आणि सवय विचारायची. एक आई म्हणाली, "सांगितली होती की तुम्हाला. तुम्ही लिहून घेतली होती." त्या दिवशी हे जेवले नाहीत. कितीतरी नंबर बंद झालेले, कितीतरी घरांत सांगणारं माणूसच उरलेलं नाही. घसा बसला, तरी फोन थांबेनात. चपलांचं घर काही लागलं नाही.

आठवडा संपला, गाडी आली आणि म्हातारबाबांना घेऊन गेली. निवाऱ्यातल्या बाईंनी गाडीत त्यांच्या चपला मुद्दाम पत्र्याकडे तोंड करून ठेवल्या म्हणे. ते ऐकून हे टेबलावर डोकं टेकून बसले आणि थोड्या वेळानं पुढचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरचा जुना फोन वाजला. त्यावर आता कुणी फोन करत नाही. भावजींना तेवढाच नंबर पाठ आहे, म्हणून आम्ही तो बंद केलेला नाही. मी हातातलं टाकून धावले.

"नमस्कार. घाबरू नका, बातमी नाही. हरवलेल्यांच्या ऑफिसातून बोलतोय."

आवाज ह्यांचा. क्रमानं लावता लावता आमचाच नंबर लागला होता आणि ह्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "भावजी सापडले का?"

माझा आवाज ह्यांनी आत्ता ओळखला. मग म्हणाले, "तू होय. नाही गं, नाही सापडला."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "घरी या," मी म्हटलं.

"सवय सांग."

"तुम्हाला माहीत आहे की हो."

"तू सांग. मी लिहितो."

मी सांगितलं. कडी लावून थोडं पुढं जातात, परत येऊन ओढून बघतात. कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता.

"लिहिलं," ते म्हणाले. "आणखी काही?"

मी खूप आठवून पाहिलं. सासूबाईंनी आणखी सांगितलं असतं. मला एवढंच माहीत होतं.